मामाजी आणि मिलिंदची जीप

मामाजी,

तुम्ही गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गेल्या रविवारी झाला. पाच जण बोलले. ऊर्जानगरच्या वीज केंद्रातले तुमचे जुने सोबती आले होते, तिघे तर एकाच गाडीतून, गुडघे धरत उतरले. तुमची ड्यूटी, तुमची शिस्त, विहाराच्या बांधकामासाठी तुम्ही घातलेले हेलपाटे, सगळं त्यांनी सांगितलं. सगळं खरंच होतं. पण जीपचं नाव कोणी काढलं नाही. त्यांना तरी काय माहीत. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, हात जोडले आणि खाली बसले. तुमचं माझं जे काही होतं ते बहुतेक त्या जीपच्या बॉनेटखाली झालं. पांढरी साडी नेसून, मांडवातल्या दीडशे माणसांपुढे गॅसच्या रेग्युलेटरबद्दल काय बोलायचं ते मला सुचलं नाही. म्हणून आता लिहायला बसले आहे.

जीप मिलिंदची. माझा नवरा, तुमचा आणि आईंचा एकुलता एक मुलगा. जुनी पेट्रोलची गाडी, चारी चाकांना जोर लागणारी, वर कॅनव्हासचं टप. जंगलात सर्व्हे करणाऱ्या लोकांना घेऊन तो फिरायचा. पेट्रोल फार पिते म्हणून त्याने तिला गॅसचं किट बसवलं होतं आणि मागे टाकी. शेवटचा तो घरी आला तो तापात. अंगणात जीप उभी केली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, मीटरची केबल तुटली वाटते, रविवारी पाहतो. तो रविवार त्याने दवाखान्यात बेशुद्धीत काढला. मलेरिया मेंदूत चढला होता. पुढचा रविवार त्याला मिळाला नाही.

आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. महिनाभराने माझा भाऊ मला न्यायला आला. तुम्ही ओसरीत बसून तांदूळ निवडत होतात. आईंनी तुमच्यापुढे सूप ठेवलं होतं, तुमच्या हातांना काहीतरी काम हवं म्हणून. सूप बाजूला सारून तुम्ही मला म्हणालात, "पोरी, तुले जाचं असन तर मी स्वतः सोडून देतो. राहाचं असन तर हे घर तुह्यं हाय. आज सांगू नको. जेव्हा समजन तेव्हा सांग."

मी सांगितलंच नाही. नुसती राहिले. तुम्हीही पुन्हा कधी विचारलं नाही.

जीप ताडपत्रीखाली आठ महिने उभी होती. आई त्या बाजूला पाहायच्यासुद्धा नाहीत. मी तेव्हा कुरखेड्याकडच्या गावांमध्ये एका संस्थेतर्फे सिकलसेलच्या तपासणीचं काम करायचे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, जागोजाग अडकतात, आणि माणूस दुखण्याने लोळतो. आपल्या नात्यागोत्यात हा आजार आहे, तिकडच्या गोंडांच्या वस्त्यांवर, टोल्यांवरही आहे. संस्थेची गाडी बंद झाली आणि आम्हाला सांगण्यात आलं, कोणाकडे स्वतःची गाडी असेल तर बघा. आपल्या ब्रह्मपुरीहून वडसा, तिथून कुरखेडा, तिथपर्यंत बस आहे, काळीपिवळी आहे. पुढच्या टोल्यांवर काहीच जात नाही. एका संध्याकाळी मी ताडपत्री काढली आणि तुम्हाला म्हणाले, मी ही चालवायला शिकते.

तुम्हाला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. अख्खी नोकरी तुम्ही सायकलवर आणि कंपनीच्या बसमध्ये काढली. वीज केंद्रात तुमचं काम म्हणजे मीटर. वाफेचा दाब, पाण्याची उष्णता, असल्या शेकडो काट्यांचं. जीपभोवती तुम्ही दोन फेऱ्या मारल्या, काच टिचकी मारून पाहिली आणि म्हणालात, "गाडीतलं मले काही समजत नाई. पण मीटर कोन्तंही असो, ते कायतरी सांगून राह्यलं असते."

मग आपण दोघं शिकलो. वडसा रोडवरच्या गॅरेजवाल्याने दोन दुपारी दाखवलं, ते तुम्ही घरी येऊन कॅलेंडरच्या पाठीमागे काढलंत. गॅसची टाकी, तिथून पाइप, मग व्हॉल्व्ह, मग जाळी, मग रेग्युलेटर, मग इंजिन. प्रत्येक चौकोनाला बाण. आणि ते चित्र हातात धरून तुम्ही मला बॉनेटमध्ये एकेका वस्तूवर बोट ठेवायला लावलंत. मला ते शाळेसारखं वाटायचं. मी एकदा चिडून म्हणाले, बंद पडली तर का पडली तेवढं सांगा. तुम्ही म्हणालात, "काऊन बंद पडली ते विचारू नको. गॅस कुठपर्यंत आला ते विचार. जिथवर आला तिथवर चांगलं हाय. त्याच्या पुढं पाह्य."

दर रविवारी साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून तुम्ही गॅसच्या सगळ्या जोडांवर फिरवायचात. बुडबुडा आला की गळती. तो ब्रश तुमच्या दाढीचा होता. त्याच ब्रशने तुम्ही सोमवारी सकाळी दाढीही करायचात. आईंनी तो दोनदा फेकला, दोनदा तुम्ही उचलून आणला. शेवटी मी नवा आणला, तर तुम्ही नवा जीपला दिला आणि जुना दाढीला ठेवला.

तुमचे नियम तीन. गाडी आधी पेट्रोलवर सुरू करायची, इंजिन तापलं की गॅसवर घ्यायची. पेट्रोलच्या टाकीत दोन लिटर कायम राहिलं पाहिजे, त्याला हात लावायचा नाही. तुम्ही म्हणायचात, हे तुह्यं नाई, गाडीचं हाय. आणि पाण्याच्या दोन कॅन मागे पाहिजेतच. कॅनवरून मी फार भांडले. नमुन्यांच्या बर्फाच्या पेटीला जागा पुरायची नाही. मी कॅन उतरवून ठेवायची, निघताना पाहावं तर तुम्ही पुन्हा चढवलेल्या.

पण आपला खरा वाद होता मीटरचा. केबल तुटल्यामुळे वेगाचा काटा शून्यावर पडलेला, आणि त्याखालचे किलोमीटरचे आकडे ७१८४६ वर थांबलेले. तुम्हाला ते सहन व्हायचं नाही. गॅसच्या टाकीचा काटा मध्येच अडकून बसायचा, त्याच्यावर भरवसा नव्हता. गॅस भरायला नागपूरच्या रस्त्याला लांब जावं लागे. मग टाकीत किती उरला हे कळणार कसं? भरल्यापासून किती किलोमीटर झाले ते मोजणं, एवढाच रस्ता. आणि नेमकं तेच मीटर बंद. तुम्ही म्हणायचात, तू डोळे बांधून गाडी चालवून राह्यली. तुमचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. मी म्हणायचे, जंगलात वेग कोण पाहतो, विसाच्या वर काटा गेला असता का. कधी म्हणायचे, रस्ते पाठ आहेत, अंदाज आहे. कधी म्हणायचे, पावसाळा होऊ द्या. तुम्ही नागपूरहून केबल मागवलीत. ती प्लास्टिकच्या पिशवीसकट न्हाणीजवळच्या खिळ्याला दोन वर्षं टांगलेली होती. येता-जाता माझा खांदा लागायचा तिला.

खरं कारण मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तो आकडा मिलिंदने आणून ठेवलेला होता. तिथपर्यंतचा शेवटचा किलोमीटर त्याने चालवला होता, तापात. त्यानंतरचे सगळे किलोमीटर माझे, पण ते कुठेच मोजले जात नव्हते, आणि मला तेच बरं वाटत होतं. मीटर सुरू झालं की त्याचा आकडा जाणार आणि माझा येणार. शिकल्यासवरल्या बाईने असं काही मनात धरू नये हे मला कळत होतं. म्हणून मी पावसाळ्याचं कारण सांगत राहिले.

मग तो दिवस आला. तुम्हाला मी तो सांगितला होता, पण घाईत, उभ्याउभ्याच. आज नीट सांगते.

धान कापून बांध्यांमध्ये पडलं होतं, ते दिवस. कुरखेड्याच्या पुढे पंचवीस किलोमीटर आत एका टोल्यावर नमुने घ्यायला गेले, तर रस्त्यावर एक बाई उभी होती. जमनाची आई. जमना बावीस वर्षांची, वर्षभरापूर्वी मीच तिचं रक्त तपासलं होतं, आजार निघाला होता. ती अंगणात पडली होती. पाय दुखत होते, त्यापेक्षा छाती दुखत होती, आणि श्वास अर्ध्यात तुटत होता. ओरडत नव्हती. पदर दातात धरला होता. या आजारात छातीत दुखायला लागलं की उशीर चालत नाही. तिथे फोनला रेंज नाही. मी पेटी अंगणवाडीच्या बाईंकडे ठेवली, मागे गोधडी टाकून जमनाला निजवलं, तिच्या आईला शेजारी बसवलं आणि गाडी उलटी फिरवली.

सात-आठ किलोमीटरवर चढ लागतो. तिथे जीपने दोन झटके दिले आणि बंद पडली. गॅसचा काटा अर्ध्यावर. मी खटका पेट्रोलवर केला. इंजिन लागलं. माझा पाय आपोआप दाबला जात होता. दवाखाना गाठायचा, बाकी मग पाहू, एवढंच डोक्यात. आणि मला तुमचं बोट दिसलं, मामाजी. काचेवर टिचकी मारणारं. मी काट्यांकडे पाहिलं. उष्णतेचा काटा पार शेवटाला टेकला होता.

मी इंजिन बंद केलं. जमनाच्या आईने हाताने पुढे दाखवलं आणि गोंडीत काहीतरी म्हणाली. शब्द कळले नाहीत, हात कळला. मागे पोरगी श्वास ओढते आहे आणि मी चालू गाडी बंद करून खाली उतरते आहे. आयुष्यात याहून अवघड काही केलेलं मला आठवत नाही.

बॉनेट उघडलं. सगळीकडून वाफ येत होती आणि त्या वाफेत रेग्युलेटर पांढरा पडला होता. बर्फ. मी बोट लावलं तर चिकटलं. गॅस कुठपर्यंत आला? इथपर्यंत आला, आला म्हणून तर बर्फ झाला. म्हणजे गॅस संपलेला नाही. टाकीतून तो पातळ येतो, इथे त्याची हवा होते, आणि होताना तो सगळी ऊब ओढून घेतो. म्हणून इंजिनचं गरम पाणी याच्याभोवती फिरवलेलं असतं. तुम्ही तो बाण लाल पेनाने काढला होता. पाणी फिरलं नाही तर गोठणार. मग पाणी कुठे गेलं? रबरी पाइप जिथे जोडला होता तिथला पट्टा ढिला झाला होता आणि पाणी रस्त्याभर गळत आलं होतं. त्याच अवस्थेत मी पेट्रोलवर पळवत नेली असती तर दोन-चार किलोमीटरमध्ये इंजिन जाम झालं असतं, आणि मग त्या रानात आम्ही तिघी.

पट्टा आवळला. ओलं फडकं टाकून, तोंड बाजूला करून, रेडिएटरचं झाकण थोडं थोडं सोडलं. थांबले. पुन्हा सोडलं. मग तुमच्या कॅन काढल्या. जमनाच्या आईने न सांगता एक उचलली आणि मी म्हणेन तसं बारीक धारेने ओतत राहिली. एक पूर्ण गेली, दुसरी अर्धी गेली. पाइप दाबून आतली हवा काढली. पेट्रोलवर इंजिन सुरू केलं आणि रेग्युलेटरवर तळहात ठेवून उभी राहिले. गार, गार, मग कोमट. मग ऊन. खटका गॅसवर टाकला आणि गाडीने गॅस धरला.

पंचवीस मिनिटं गेली यात. तेवढ्यात जमनाच्या आईने मला मराठीत एकदाच विचारलं, चालते का? मी म्हटलं, चालते. मला काहीच माहीत नव्हतं.

कुरखेडा तीन किलोमीटर राहिलं आणि पुन्हा झटके. हात लावला, रेग्युलेटर गरम. काटा अजून अर्ध्यावरच. या वेळी गॅस खरंच संपला होता. खटका पेट्रोलवर केला. चढावर जे थोडं जळलं ते सोडून बाकी तुमचं दोन लिटर शाबूत होतं. त्याच्यावर आम्ही दवाखान्यात पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, सुया दिल्या, आणि रक्त चढवायला म्हणून अँब्युलन्सने गडचिरोलीला पाठवलं. तिसऱ्या दिवशी निरोप आला, जमना उठून बसली.

त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून मी सगळं पुन्हा मनात फिरवलं. मीटर चालू असतं तर गॅस सरत आला हे मला रविवारीच कळलं असतं. एका थांबलेल्या आकड्यासाठी मी दुसऱ्याच्या लेकीचा जीव टांगला होता. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, ते आज सांगते.

संध्याकाळी घरी आले. तुम्ही ओसरीत होतात. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पट्टा, बर्फ, कॅन, पेट्रोल. संपल्यावर विचारलंत, जमना कशी हाय? मग म्हणालात, पाय धुऊन घे. मी म्हटलं, "मामाजी, केबल लावू."

तुम्ही मान हलवलीत. बस. मी कधीचा सांगून राह्यलो, असं तुम्ही म्हणाला नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. दोन वर्षं बरोबर असून ते न बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुमचे आभार मानायचे तर मी तिथूनच सुरुवात करीन.

रविवारी आपण केबल लावली. नवी आहे म्हणून तुम्ही सरळ थोडीच लावणार. आधी जुनी काढून पाहिली, कुठे तुटली ते. गिअरबॉक्सच्या टोकाशी. मग चाक जॅकवर उचलून फिरवलं, आतला दात फिरतो का पाहिलं. मग नवीचं एक टोक मीटरमध्ये बसवून दुसरं चिमटीत धरून फिरवलं, तर काटा उठला. तुम्ही लहान मुलासारखे हसलात. मला म्हणालात, पाह्य, मीटर मेलं नव्हतं, त्याच्यापर्यंत कोणी पोचतच नव्हतं.

मग आपण निघालो, वैनगंगेच्या पुलाकडे. मी चालवत होते, तुम्ही शेजारी. शेवटचा सहाचा आकडा हळूहळू वर सरकायला लागला, खालून सात डोकवायला लागला. माझी नजर रस्त्यावर टिकत नव्हती. आणि मला वाटलं, आता तुम्ही टिचकी माराल, काहीतरी म्हणाल. दोन वर्षं तुम्ही या घटकेची वाट पाहिली होती. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही मान पूर्ण वळवून बाहेर पाहत होतात. बाहेर काहीही नव्हतं, कापलेल्या बांध्या होत्या. समोर फिरणारं मीटर सोडून तुम्ही दुसरीकडे पाहताय असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सात पूर्ण बसला. थोड्या वेळाने, तसंच बाहेर पाहत, तुम्ही विचारलंत, झालं? मी म्हटलं, झालं.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. दोन वर्षं ती केबल तुम्ही खिळ्याला टांगून ठेवलीत, स्वतः उठून लावली नाहीत. तुमच्या हातचं ते अर्ध्या तासाचं काम होतं.

त्यानंतर काटा थरथरायला लागला. वीस आणि तीसच्या मध्ये नुसता नाचायचा. मला हसू यायचं, तुम्हाला यायचं नाही. पुढच्या रविवारी तुम्ही डॅशबोर्डखाली शिरलात. केबलला मागे वाक जास्त पडला होता, तो सोडवून ग्रीस भरायचं होतं. अंगणात मला फक्त तुमचे पाय आणि चपला दिसत होत्या. आतून आवाज आला.

"सुजाता, तू लग्नाचं पाह्य. मी तुह्या सासूशी बोललो हाय. आमचं काही म्हणणं नाई."

मी म्हटलं, "दहाचा पाना देऊ का?"

तुमचा हात बाहेर आला. "दे."

मी पाना दिला. त्या केबलची चकती हाताने आवळतात, तिला पाना लागतच नाही. तुम्ही तो धरून राहिलात आणि काम झाल्यावर मला परत दिलात. काटा मात्र सरळ झाला.

महिनाभराने तुम्ही म्हणालात, मला तो चढ पाहायचा आहे. मी तुम्हाला घेऊन गेले. तुम्ही उतरलात, टोपी काढून काखेत धरलीत आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलंत. साग, बांबू, एक पायवाट. घर नाही, माणूस नाही. मी तुम्हाला दाखवत होते, इथे बंद पडली, इथे मी कॅन ठेवली. तुमचं लक्ष नव्हतं. मग तुम्ही बोललात, आणि ते मी शब्दाला शब्द लक्षात ठेवलं आहे.

"तिकडे प्लँटमधे मीटर लाल झालं की माह्या मागं वीस माणसं उभी राहायची. तू इथी एकटी होती. मी असतो तर मी पळवली असती गाडी. भेवानं. तू थांबली."

तुमच्या वीज केंद्रातल्या लोकांनी रविवारी तुमच्याबद्दल पुष्कळ सांगितलं. हे मात्र त्यांना सांगता आलं नसतं. सत्तरीच्या माणसाने सुनेसमोर स्वतःची भीती कबूल करणं, तेही तिला मोठं करायला. माझ्या स्वतःच्या वडिलांनी मला असं कधी काही दिलं नाही. त्यानंतर मी कोणत्याही रानात, कोणत्याही बंद गाडीपुढे घाबरले असेन, पण आधी थांबून काट्यांकडे पाहिलं.

पुढची वर्षं तुम्ही हळू होत गेलात. आधी जॅक सोडला, मग वाकणं सोडलं, मग अंगणात खुर्ची टाकून तिथून सांगायला लागलात. साबणाच्या पाण्याचा ब्रश मी फिरवायची आणि तुम्ही चष्मा पुसून बुडबुडे पाहायचात. लग्नाचं तुम्ही अजून दोनदा काढलंत. एकदा गॅस भरायला गेलो तेव्हा, रांगेत. मी म्हटलं, पुढची गाडी हलली, आणि जीप पुढे घेतली. दुसऱ्यांदा दवाखान्यात, तुम्ही जायच्या दोन दिवस आधी. तुम्ही माझा हात धरून, "सुजाता, ते राह्यलं" एवढं म्हणालात, आणि नर्स रक्तदाब पाहायला आली. तुम्ही तिचं मीटर पाहिलंत, काटा शून्यावर येत नव्हता, आणि तुम्ही तिला ते दाखवायला लागलात. मग औषधाने झोप लागली.

तर ते राहिलंच. तीनदा तुम्ही विचारलंत आणि तीनदा मी उत्तर दिलं नाही. आता देते.

तुम्हाला वाटायचं, मी मिलिंदसाठी अडकून बसले आहे. पहिली दोन वर्षं बसले होते. सहाचा सात झाला त्या दिवशी ते संपलं. दुःख नाही, अडकणं. तुम्हाला असंही वाटत असेल की तुम्हा दोघांकडे पाहून मी राहिले, उपकार म्हणून. तेही नाही. मला या घरात बरं वाटत होतं. रविवारची वाट पाहावीशी वाटायची. कोणीतरी कॅलेंडरच्या पाठीमागे बाण काढून मला समजेल असं सांगतंय, मी चुकले तर हसत नाही, बरोबर आलं तर पुढचं विचारतंय. असं मला कुठेच मिळालं नव्हतं. उद्या कोणी भेटला आणि मन झालं तर मी लग्न करीन, मामाजी. तुमचं म्हणणं नव्हतं, माझंही नाही. पण तुम्ही माझ्या वाट्याचं काही अडवलं, असं एक दिवसही मनात आणू नका. जेव्हा समजन तेव्हा सांग, असं तुम्ही ओसरीत म्हणाला होतात. मला तेव्हाच समजलं होतं. सांगायला मीच उशीर केला.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी कामावर निघाले. पेटी ठेवली, जोड पाहिले, गाडी पेट्रोलवर सुरू केली. ती तापते आहे तोवर आई बाहेर आल्या. हातात पिशवी, पायात चपला. मिलिंद गेल्यापासून त्या या गाडीत बसल्या नव्हत्या. गॅस भरायच्या रविवारी आपण दोघं निघायचो आणि त्या दारातूनच आत वळायच्या.

मी विचारलं, कुठे जायचं आहे? म्हणाल्या, तुह्यासंग. मी म्हटलं, संध्याकाळ होईल. तर म्हणाल्या, होऊ दे, घरात एकटी बसून का करू.

तुमच्या जागेवर बसल्या. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. पुलावरून जाताना नदीकडे पाहिलं. तुम्ही गेल्यापासून त्यांना झोप नव्हती. मी पलीकडच्या खोलीतून त्यांच्या बांगड्यांचा आवाज ऐकायची. वडसा सुटलं आणि त्यांची मान हळूहळू दाराकडे कलली. कुरखेड्याच्या आधीच त्या गाढ झोपल्या, तोंड थोडं उघडं, पिशवी घट्ट धरलेली. पुढे रस्ता खराब. मी गिअर उतरवला आणि प्रत्येक खड्डा चाक-चाक करून घेतला. टोल्यावर पोचायला तासभर उशीर झाला. लोक मोहाच्या झाडाखाली वाट पाहत होते. मी इंजिन बंद केलं आणि त्यांना हातानेच खूण केली, हळू बोला. दार न वाजवता उतरले, पेटी काढली आणि जीपच्याच सावलीत चटई टाकून बसले.

आई उठल्या तेव्हा मी अकरावा नमुना घेत होते.